तळहाताएवढं कातडं

दिवाळीच्या पणत्या काळ्या पडल्या, अंगणातल्या रांगोळीवरून कोंबड्या फिरून गेल्या, की आमच्या आंधळगावात रेशमाचा कोसा शिजायला लागतो. त्याचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही, आणि ज्यानं घेतला त्याला सांगायची गरज नाही. तरी मी सांगणार. गप्प बसणं आमच्या खानदानात कोणाला जमलेलं नाही. मडक्यात राखेचं पाणी, पाण्यात कोसे, आणि प्रत्येक कोशाच्या आत आपल्याच घरात उकडून निघालेला एक किडा. ओलं घोंगडं, नासलेलं अंडं आणि जळका केस एका भांड्यात घालून वर झाकण ठेवलं तर जे होईल, ते. या वासापायी गावातल्या मांजरी दरवर्षी मोहाडीला जाऊन तहसील कचेरीसमोर उपोषणाला बसतात. गावाच्या वळणावर एसटी आली की ड्रायव्हरनं हात लावायच्या आधीच गिअर बदलून पळू बघते. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्ही मात्र छाती फुगवून तो वास आत ओढतो, कारण आमची शिक्षणं, आमची लग्नं आणि माझं हे पोट, सगळं त्याच वासावर वाढलेलं आहे.

परवा भंडाऱ्यात माझ्या पितळी भांड्यांच्या दुकानात एक म्हातारी पाण्याचा गुंड पाहायला आली. मी सवयीनं सुरू झालो. या गुंडातलं पाणी पिऊन आमचे आजोबा म्हातारपणी पुन्हा दात फुटून मेले, वगैरे. तेवढ्यात तिच्या पदरातून तो वास आला.

"आंधळगावच्या का जी तुम्ही?"

"हो ना बाप्पा. काहून?"

"यंदाचे कोसे आले?"

"आले ना. वासावून नाई समजलं का?"

पुढे गुंडाचं काय झालं मला आठवत नाही. बहुतेक मी तो विकला. भर दुपारी शटर खाली ओढलं आणि मोटरसायकल काढली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, त्यांत भारे आडवे पडलेले, आणि धसकटांतून लाखोळीचं कोवळं हिरवं डोकं वर काढत असलेलं. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठाला बगळे इतके गुपचूप उभे, की वाटावं कोणीतरी मेलं आहे आणि हे बसायला आलेत. कुठल्यातरी गावात मंडईची जत्रा भरलेली असणार, दंडारीच्या खेळातल्या ढोलकीचा आवाज वाऱ्याबरोबर तुटत तुटत येत होता. आमच्याकडे दिवाळी संपली की खरा सण सुरू होतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, जावई रुसायला येतात, आणि उरलेलं अर्धं जग जेवायला येतं. हवेत बारीक थंडी असते, चेहऱ्याला गोड लागणारी. मला ती एका बाजूनं गोड लागते आणि दुसऱ्या बाजूनं टोचते. कारण ही थंडी ज्या दिवशी गावात शिरते, त्या दिवशी ती सगळ्यात आधी आमच्या गिरजावहिनीच्या कातड्यावर पाय ठेवते.

गिरजावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पवनीकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो आणि माझं नाक सदा वाहत असे. तिनं सासरी आल्यावर पहिलं काम केलं ते माझं नाक पुसायचं आणि दुसरं केलं ते कोसा काढायचं. दोन्हींत तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

कोसा काढायची आमची पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिजवलेले चार-पाच कोसे वाटीत ठेवायचे, प्रत्येकाचं टोक शोधून काढायचं, सगळी टोकं एकत्र धरायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायचं आणि उघड्या मांडीवर ती टोकं तळहातानं वळायची. वळलं की एक धागा होतो. एका हातानं वळायचं, दुसऱ्या हातानं लाकडी चौकटीवर गुंडाळायचं. परसात दुपारच्या उन्हात बायका ओळीनं बसतात, तोंडानं जगाची उणीदुणी काढतात आणि मांडीवर रेशीम. त्या घोळक्यात लहानपणापासून पाणी आणायला, विस्तव न्यायला आम्ही जातच आलो. आम्हा विणकरांच्या घरात बाईची मांडी हे मागासारखंच, धोट्यासारखंच एक अवजार. तिच्याकडे वाकड्या नजरेनं पाहणं कोणाला सुचत नाही. धोट्याकडे कोण वाकड्या नजरेनं पाहतो?

वहिनीचा धागा इतका बारीक, की एकदा एक मुंगी त्यावरून चालायला लागली आणि मध्येच घाबरून परत फिरली. हे मी स्वतः पाहिलं. भंडाऱ्याचा व्यापारी यायचा, डोळे मिटून धागा बोटांतून ओढायचा आणि विचारायचा, "हा गिरजाबाईचा ना?" मी एकदा तिला विचारलं होतं, एवढं एकसारखं कसं निघतं म्हणून. ती म्हणाली, "हाताले काय समजते वो भाऊजी? हात नुसता फिरते. जाडं झालं का बारीक झालं, थे मांडीचं कातडं सांगते."

आता ज्या बाईचं कातडं असं बोलणारं, तिच्या कातड्यालाच दुखणं जडावं हा देवाचा विनोद मला कधी आवडला नाही. मी त्याच्यापेक्षा बरे विनोद करतो.

सुरुवात कोपरावर झाली. रुपयाएवढा लाल चट्टा, वर चांदीसारखी खपली. मग गुडघ्यावर, मग केसांत. डॉक्टरनं नाव सांगितलं सोरायसिस. वहिनीनं त्याचं नाव ठेवलं 'पाहुणा'. थंडी पडली की म्हणायची, "आला पाहुणा. आता होळीपर्यंत हलत नाई." ती सगळ्यांच्या आधी उठायची, अंथरूण झाडायची, मग जमीन झाडायची, मग स्वतःला झाडायची. सुपात येईल एवढा कोंडा निघायचा. मी म्हणायचो, वहिनी, नागोबा वर्षातून एकदा कात टाकतो तर त्याला गावभर दूध, तुम्ही रोज टाकता. ती म्हणायची, "मंग आणा ना दूध. नुसतं बोलता कायले?" आणि मी खरंच आणायचो, कारण तिच्यापुढे माझं बोलणं उघडं पडायचं.

पण दिवसभर हसणारी ही बाई भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची, उभ्यानं प्रवास करतील पण तिथे बसणार नाहीत. हळदीकुंकवाला बायका तिच्या कपाळाला दुरून कुंकू लावायच्या, गरम तव्यावर पाणी शिंपडावं तसं. अंगाला चोवीस तास खाज, आणि चारचौघांत खाजवायचं नाही. खोबरेल तेल तर इतकं लागायचं, की मी सांगतो, केरळात चार माडांवर आमच्या वहिनीचं नाव कोरलेलं असलं पाहिजे. तरी मांडी शाबूत होती. पाहुणा सगळीकडे फिरला, पण डाव्या मांडीच्या त्या पट्ट्यावर कधी बसला नाही. वहिनी म्हणायची, त्यालेही पोट असन ना, कमाईच्या जागेवर कसा बसन?

आणि मग काही वर्षांपूर्वी ती मंडई आली.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडाशी पूनमचं लग्न जमलं. पूनम म्हणजे दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी. मुलगा मोहाडीचा, नोकरीतला, उंच, इतका उंच की त्याला पाहायला गेलो तेव्हा मी त्याच्याशी अर्धा तास बोललो आणि मग कळलं, आपण शर्टाच्या खिशाशी बोलतोय. लग्न माघात धरलं. आणि लग्न धरलं म्हणजे अंतरपाट आला.

आम्हा विणकरांच्या घरांत एक रीत आहे. लेकीच्या लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये जो अंतरपाट धरायचा, त्याचं सूत लेकीच्या आईनं त्याच मोसमाच्या कोशातून, आपल्या मांडीवर काढायचं आणि बापानं विणायचं. माझ्या बहिणीच्या वेळी आईनं काढलं होतं, आईच्या वेळी तिच्या आईनं. आईबापानं मिळून लेकीसाठी केलेली ती शेवटची वस्तू. वहिनी पूनम पाळण्यात होती तेव्हापासून त्या अंतरपाटाबद्दल बोलत होती. "असा काढीन," म्हणायची, "का जावई पलीकडून पाहन तं त्याले वाटन, धुकं पडलं."

मंडईला घर भरलं. आता तुम्हाला एक सांगतो, आमच्याकडे मंडईचा पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, आणि घरात आजारी माणूस असेल तर तो औषध घेऊन येतो. आणि मंडईच्या पाहुण्याला दोन बाबतींत नाही म्हणायचं नसतं, एक वाढताना आणि दुसरं त्यानं काही आणलं असेल तेव्हा. ते त्याच्या डोळ्यांदेखत घ्यायचं. त्या वर्षी कडुनिंबाचा लेप आला, गोमूत्र आलं, वैनगंगेच्या कुठल्याशा डोहातली माती आली. एका जावयानं तर कुठलीशी कोंबडी आणली होती, तिचं काय करायचं ते तो विसरला होता, म्हणून आम्ही रस्सा केला. वहिनी प्रत्येकाचं औषध घेत होती आणि प्रत्येकाला म्हणत होती, "बरं वाटून राहिलं बाप्पा, तुमच्या हाताले गुण आहे."

शेवटी मौसाजी, म्हणजे वहिनीच्या मावशीचे यजमान, आले, बालाघाटकडून. कागदाच्या पुड्या. "गिरजा, हे जंगलातल्या वैद्याची दवा आहे. फक्त एक कर. बाकीच्या सगळ्या गोळ्या बंद. एकदम बंद. नाई तं गुण येत नाई."

वहिनी या दुखण्यावर वर्षानुवर्षं डॉक्टरची एक बारीकशी गोळी घेत होती. तिनं मौसाजींच्या समोर त्या गोळ्यांची डबी फळीवर ठेवली आणि पुडी तोंडात टाकली. दादा म्हणाला, "अगं, विचारून तं घे कोनाले." ती म्हणाली, "पाहुण्याच्या तोंडावर कसं विचारू?"

मंडई उठली, पाहुणे गेले, आणि वहिनीला हुडहुडी भरली. सकाळी पाहतो तर अंगभर लाल, पळस फुलल्यासारखी, कपाळापासून तळपायापर्यंत. दुपारी त्या लालीवर बारीक पांढरे दाणे आले, खसखस पेरावी तसे. संध्याकाळपर्यंत ते दाणे एकमेकांत मिसळले आणि पुवाची तळी झाली. अंग असं तापलेलं, की कपाळावर ठेवलेली ओली पट्टी इस्त्री केल्यासारखी वाळायची. वहिनीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, आपला जिल्हा तलावांचा म्हणतात ना? मोजा आता."

मी आयुष्यात पुष्कळ फेकलं आहे. पण भंडाऱ्याच्या दवाखान्यानं वहिनीला नागपूरला न्यायला सांगितलं, तेव्हा त्या गाडीत मला एक शब्दही सुचला नाही.

नागपुरात डॉक्टरबाई होत्या, बारीक चणीच्या, रागीट. त्यांनी सांगितलं की हा सोरायसिसचा दुर्मीळ प्रकार आहे, सगळ्या अंगावर पू धरणारा, जिवावर उठणारा. वर्षानुवर्षं चालू असलेली ती गोळी एकदम थांबवली की असा उसळू शकतो. "गोळी बंद कोणी करायला सांगितली?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे छताकडे पाहू लागलो. वहिनी ग्लानीत होती, पण तेवढं तिनं ऐकलं. "मीच केली बंद," म्हणाली. बातमी कळताच बालाघाटहून धावत आलेले मौसाजी बाहेर जिन्यात बसून होते. दोन्ही वेळचा डबा त्यांनी तसाच परत पाठवला होता, आणि वहिनीनं शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं ते हेच, "मौसाजी जेवले का?"

तिच्या अंगाला कापड लावायची सोय नव्हती. चादर ठेवली की चिकटायची, काढली की कातडं घेऊन निघायची. सात पिढ्या कापड विणणाऱ्या घरातली बाई, आणि तिला हातभर कापड सोसेना. तेव्हा खाटेवर केळीची पानं अंथरली. तेल लावलेली, थंडगार, मोठी पानं. त्यांवर ती पडलेली. दादा बाजूला उभा राहून भिंतीकडे पाहत होता. ती त्याला म्हणाली, "जन्मभर तुमच्या खानदानाले पानावर वाढलं. आता मलेच वाढून ठेवलं पानावर."

दादा हसला आणि मग बाहेर जाऊन रडला. मी सोबत गेलो, त्याला धरायला. मी रडलो नाही. माझ्या डोळ्यांत नागपूरची धूळ गेली होती, आणि ती बादलीभर होती.

आत मात्र वहिनी डॉक्टरबाईंना विचारत होती, आणि हे मी दारातून ऐकलं, "बाई, वाचन नाई वाचन थे राहू द्या. माह्या डाव्या मांडीवर कातडं येईन का? माघाच्या आधी?"

डॉक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कशासाठी?"

वहिनीनं अंतरपाट सांगितला. त्या रागीट बाईनं खुर्ची ओढून सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कातडं येईल. पण हा आजार मुळापासून जात नाही, आवरावा लागतो. पुन्हा येऊ शकतो. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, हा लागट नाही. कोणालाही नाही."

पौषात वहिनी घरी आली. जुनं कातडं जवळजवळ सगळं गेलेलं, नवीन आलेलं, गुलाबी आणि पातळ, वांग्याच्या सालीसारखं ताणलेलं. वारा लागला तरी झोंबायचं. घराबाहेर बायका कोसा काढत बसलेल्या, मोसम अर्धा सरलेला. शेजारची लीलाबाई, जिनं आमच्या घरात स्वतःच्या घरापेक्षा जास्त चहा प्यायला आहे, ती आली.

"गिरजे, मी काढून देतो ना सूत. कोनाले समजन?"

"मले समजन," वहिनी म्हणाली.

मग मोहाडीहून मुलाची आत्या आली. भारदस्त बाई, कपाळावर कुंकू नव्या रुपयाएवढं, बोलणं तहसीलदारिणीसारखं. तब्येत विचारायला आल्या होत्या, पण खुर्चीच्या कडेवर बसल्या, मागे टेकल्या नाहीत. चहा घेतला नाही. इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर आल्या.

"विहीनबाई, राग नका मानू. अंतरपाट म्हणजे सोवळ्याचं कापड. देवाधर्माचं. तुमच्या मांडीवून निघालेलं सूत... आमच्याकडचे लोक बोलून राहिले. बाजारातून आणू ना, मी देतो पैसे."

भिंतीवरची पाल थांबून ऐकायला लागली. दादा उठायला लागला. वहिनीनं त्याला नजरेनं बसवलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "कोसा म्हणजे काय, सांगा बरं. किड्याच्या तोंडातली लाळ. थे देवाले चालते?"

"चालते," आत्याबाई म्हणाल्या.

"किड्याची लाळ चालते, आन् मायची मांडी नाई चालत? असा कोनता देव आहे जी तुमच्या मोहाडीत? मले एकडाव पाहा लागन."

आत्याबाईंचं तोंड उघडं राहिलं ते एसटी येईपर्यंत मिटलं नाही. पण हेही खरं सांगतो, त्या गेल्यावर वहिनी आत गेली आणि दार लावून घेतलं. नंतर बाहेर आली तेव्हा हातात आरसा होता. "आहे," म्हणाली. "तळहाताएवढं आहे."

मांडीवर, त्या जुन्या पट्ट्याच्या मधोमध, तळहाताएवढा तुकडा असा होता की तिथे लाली नव्हती, खपली नव्हती. साधं, सावळं, आपलं नेहमीचं कातडं. आजूबाजूला सगळं पेटलेलं आणि मध्ये एवढंसं गाव वाचलेलं.

त्या तळहाताएवढ्या जागेवर तिनं सूत काढलं.

दुपारचं ऊन परसात भिंतीला लागलं की ती बसायची. तळवे फाटलेले, त्यांवर तेल चालत नाही, धागा घसरतो. बिनतेलाचा तळवा वळताना भेगांत धागा अडकायचा. ती फुंकर घालायची, सोडवायची, पुन्हा वळायची. लांब वळसा मारता येत नव्हता, कारण तेवढी मांडीच नव्हती, म्हणून चिमणीच्या पावलांनी, इंच इंच. मध्येच कातडं फुटायचं. फुटलं की ती थांबायची, आणि तिथलं सूत कात्रीनं कापून चुलीत टाकायची. कोणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई मोहाडीत होत्या. लीलाबाई शेजारी बसून पाहायची, म्हणायची, "माय वं, टाकतं कायले? कोन पाहून राहिलं?" वहिनी म्हणायची, "पोरीच्या डोळ्यासमोर धरायचं आहे वं. दुखण्याचं सूत मी नाई देत तिले."

मी पैलवान पाहिलेत. मंडईत एकानं दातांनी बैलबंडी ओढलेली पाहिली, आणि बंडीत दोन बैलही बसले होते. पण ताकद म्हणजे काय, हे मला त्या परसात कळलं. बाई बसलेली, हलत नाही, ओरडत नाही, फक्त तळहात पुढे जातो आणि मागे येतो.

आणि तो धागा! जरा जाड होता. पूर्वीसारखा नव्हता. कुठे कुठे गाठ होती. व्यापाऱ्यानं डोळे मिटून ओढला असता तर ओळखला नसता. दादानं ओळखला. तो माग सोडून उठला, सूत हातात घेतलं आणि पुन्हा मागावर बसला. रात्रंदिवस चालणारा त्याचा माग त्या आठवड्यात असा हळू चालला, की शेजाऱ्यांना वाटलं मागही आजारी पडला.

सूत कमी पडलं. पडणारच होतं. अंतरपाट पाहिजे माणसाएवढा लांब, निदान दोघांचे चेहरे झाकतील एवढा. आमचा निघाला न्हाव्याच्या टॉवेलाएवढा. सगळ्यांनी सांगितलं, कडेला बाजारचं सूत जोडा, कोण बघतं. पूनमनंही सांगितलं. वहिनी म्हणाली, "जेवढं निघालं तेवढंच आहे. मी कोठून आणू?"

लग्न लागलं माघात, आमच्याच दारात. मांडवात सगळा गाव. वहिनी त्या दिवशी कोपरापर्यंतच्या बाह्यांचं पोलकं घालून आली. हातांवर चट्टे पुन्हा उमटायला लागले होते, ताजे, लाल. तिनं पदर ओढला नाही. माझ्या शेजारचा एक जण कुजबुजला, "काय झालं हो हिले?" मी म्हणालो, "वाघिणीशी झुंज झाली. वाघीण गेली." त्यानं मान डोलावली. भाबडा होता बिचारा.

भटजींनी अंतरपाट उलगडला, पुढून पाहिला, मागून पाहिला. "बाकीचा कुठे आहे?"

"एवढाच आहे जी," दादा म्हणाला.

एक टोक दादानं धरलं, दुसरं मुलाच्या मामानं. आता प्रसंग पाहा. एवढंसं कापड, आणि पलीकडे तो ताडासारखा जावई. कापड वर धरलं तर पूनम खालून दिसते, खाली धरलं तर जावई वरून पाहतो. मधोमध धरलं तर त्याच्या नाकापासून छातीपर्यंत झाकलं जायचं आणि डोळे मोकळे. पूनम फिसकन हसली. जावई हसला. भटजींनी डोळे वटारले, मग तेही मिशीत हसले. मांडवात खसखस पिकली.

आत्याबाई पुढच्याच रांगेत होत्या. "हा कसला अंतरपाट?" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "दोघं एकमेकांले पाहून राहिले ना!"

वहिनी पूनमच्या मागे उभी होती, उघड्या हातांनी.

"पाहू द्या ना आत्याबाई," ती म्हणाली. "संसार करायचा आहे त्याहिले. आत्ताच सगळं पाहून घेऊ द्या."

मंगलाष्टकं सुरू झाली. दादा लेकीकडेच पाहत राहिला, आणि त्याच्याकडचं टोक खाली घसरायला लागलं. मी पुढे व्हायला निघालो. माझ्याआधी आत्याबाई उठल्या. अक्षता पदरात बांधल्या, तरातरा पुढे आल्या आणि दादाच्या हातातलं ते टोक, तो गाठीगाठींचा सावळा कोसा, आपल्या मुठीत घट्ट धरला. तेच टोक सावरायला वहिनीही पुढे आली होती, धरताना त्यांचा हात तिच्या हाताला घासला. दोघींनीही हात मागे घेतला नाही.

"लय बारीक काढलं जी विहीनबाई," आत्याबाई पुटपुटल्या. खोटं होतं ते. पण इतकं चांगलं खोटं मला जन्मात बोलता आलेलं नाही.